शब्द पाठ आहेत, पण ऐकू येत नाहीत: जर्मन शिकताना कान आणि शब्दसंग्रह यांचा मेळ

जळगावच्या एका बॅचमध्ये नर्सिंगची एक मुलगी होती. तिला सतराशे-अठराशे जर्मन शब्द पाठ होते. वहीचं कुठलंही पान उघडा, कुठेही बोट ठेवा, ती लिंगासकट अर्थ सांगायची. एके दिवशी मी मोबाइलवर चाळीस सेकंदांचा निरोप लावला. दवाखान्यातून फोन आला आहे, उद्याची वेळ बदलली आहे, आता अमुक वाजता या, एवढंच. निरोप संपला आणि ती म्हणाली, "सर, 'मॉर्गेन', म्हणजे उद्या, तेवढं कळलं." मग तोच निरोप मी तिला कागदावर दिला. वाचता वाचता तिचे डोळे भरून आले, कारण त्यातला एकही शब्द तिला नवा नव्हता.

माझं स्वतःचंही पहिल्या वर्षी असंच झालं होतं. मी रोज तीस-तीस शब्द पाठ करत होतो आणि ऐकायचा सराव "शब्द पुरेसे झाल्यावर करू" म्हणून पुढे ढकलत होतो. त्या वर्षात मला वाचता येऊ लागलं, पण समोरचा माणूस बोलू लागला की काहीच हाती लागत नव्हतं. तेव्हापासून शिकवताना मी एक गोष्ट धरून आहे: शब्दांचा अभ्यास आणि ऐकण्याचा सराव ही दोन वेगळी खाती ठेवायची नाहीत. जो उतारा ऐकायचा त्यातलेच शब्द पाठ करायचे, आणि पाठ केलेला शब्द आवाजातच तपासायचा. खालची पद्धत जर्मनच्या उदाहरणांनी सांगतो, कारण सध्या खानदेशातून सर्वांत जास्त विचारणा याच भाषेसाठी होते. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्यानंतर धुळे, नंदुरबार, चोपडा, पाचोरा अशा ठिकाणांहून मुलं-मुली चौकशी करू लागली. पद्धत मात्र जपानीला किंवा फ्रेंचलाही तशीच लागू पडते.

आधी घरातलंच उदाहरण

तुमच्यापैकी बरेच जण घरी अहिराणी ऐकत वाढले आहेत. 'शे' म्हणजे 'आहे', 'माले' म्हणजे 'मला', 'बठ्ठा' म्हणजे 'सगळा', ही यादी तुम्हाला कोणी पाठ करायला दिली नव्हती. "काय करी ऱ्हायना भो?" हे वाक्य आधी अख्खं कानात बसलं आणि त्याचे तुकडे नंतर सुटे झाले. आखाजीला झोक्यावर बसून मुली गाणी म्हणतात, तीही आधी चालीसकट तोंडात बसतात. एखाद्या जुन्या शब्दाचा अर्थ दोन-तीन वर्षांनी आजीला विचारला जातो. म्हणजे ऐकून शिकण्याची क्षमता तुमच्यात आहेच, ती नव्याने मिळवायची नाही.

पण इथे एक फरक प्रामाणिकपणे मान्य करायला हवा. अहिराणी कानावर पडायला तुम्हाला रोजचे आठ-दहा तास आणि दहा वर्षं मिळाली. जर्मनसाठी तुमच्याकडे रोजचा तास-सव्वा तास आणि जेमतेम दीड वर्ष आहे. म्हणून "फक्त ऐकत राहा, आपोआप येईल" हा सल्ला मला मोठ्या माणसांसाठी पटत नाही. शब्द जाणूनबुजून पाठ करावेच लागतात. किती, कोणते आणि कधी, हे मात्र कानाला विचारून ठरवायचं.

पहिली पायरी: दोन पेनांची चाचणी

वेळ कशी वाटायची हे ठरवण्याआधी आपलं नेमकं अडतं कुठे ते बघा. तुमच्या पातळीचा मिनिटभराचा उतारा घ्या. त्याचा लिखित मजकूर हाताशी असलाच पाहिजे, पण तो आत्ता बघायचा नाही. तीन वेळा ऐका आणि जे कळेल ते कागदावर उतरवा. शाळेत शुद्धलेखन घालायचे तसं. स्पेलिंग चुकलं तरी चालेल, देवनागरीत लिहिलं तरी चालेल.

आता मूळ मजकूर उघडून ताडून बघा. जो शब्द तुम्हाला माहीतच नव्हता त्याखाली लाल रेघ मारा. जो शब्द माहीत होता, वाचल्याबरोबर अर्थही आठवला, पण ऐकताना निसटला, त्याखाली निळी रेघ. आणि वाक्यातले सगळे शब्द ऐकू आले, ओळखूही आले, तरी अर्थ लागला नाही, असं झालं तर त्या वाक्याला पेन्सिलने गोल करा.

लाल रेघा जास्त असतील तर शब्द कमी पडताहेत, पुढचे दोन आठवडे शब्दांना थोडा जास्त वेळ द्या. निळ्या जास्त असतील तर शब्द तुमच्या डोळ्यांत आहेत, कानात नाहीत. अशा वेळी नवे शब्द निम्म्यावर आणा आणि तो वेळ ऐकण्याला द्या. पेन्सिलचे गोल जास्त असतील तर डोकं प्रत्येक शब्द ओळखण्यातच दमतंय आणि वाक्य जोडायला त्याच्याकडे जागा उरत नाही. त्यावर उपाय एकच, सोपे आणि ओळखीचे उतारे पुन्हा पुन्हा ऐकणं.

ही चाचणी दर पंधरा दिवसांनी नव्या उताऱ्यावर करा आणि कागद तारीख टाकून जपून ठेवा. मी सुरुवातीला म्हटलं त्या मुलीच्या पहिल्या कागदावर लाल रेघ एकही नव्हती आणि निळ्या एकवीस होत्या. तिला आणखी दोन हजार शब्द दिले असते तरी काही फरक पडला नसता.

दुसरी पायरी: उतारा निवडणं

इथे घाई करू नका. चुकीचा उतारा निवडला की पुढची सगळी मेहनत वाया जाते. शब्दसंग्रहावर आयुष्यभर काम केलेले न्यूझीलंडचे भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांनी दाखवलं आहे की मदतीशिवाय मजकूर नीट समजायला त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात. म्हणजे शंभरात दोनच अनोळखी. आपण मजकूर हाताशी ठेवून अभ्यास करणार आहोत, म्हणून शंभरात पाच-सहापर्यंत चालेल. पंधरा-वीस शब्द अडत असतील तर तो उतारा सहा महिन्यांनंतरचा आहे, बाजूला ठेवा.

लांबी एक ते दीड मिनिट. मजकूर हवाच. आवाज शक्यतो संवादाचा हवा, नुसत्या बातम्यांचा नको, कारण तुम्हाला पुढे माणसांशी बोलायचं आहे. डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या संकेतस्थळावर पातळीनुसार धडे मजकुरासह फुकट मिळतात. गोएथे इन्स्टिट्यूट, जी आपल्याकडे मॅक्सम्युलर भवन म्हणून ओळखली जाते, तिच्या संकेतस्थळावर नमुना परीक्षा आवाजासह आहेत. क्लासच्या पाठ्यपुस्तकासोबत येणारा ऑडिओसुद्धा उत्तम आहे. बहुतेक जण तो वर्गात एकदा ऐकून सोडून देतात याचं मला वाईट वाटतं. डॉइचे वेलेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या बी-१ च्या पुढे (भाषेच्या पातळ्या ए-१, ए-२, बी-१, बी-२ अशा चढत जातात) उपयोगी पडतात, पण त्यांत प्रत्येक शब्द सुटा करून वाचलेला असतो. त्यावरच वर्षभर राहिलात तर खरं बोलणं कानाला परकंच राहील.

तिसरी पायरी: एकाच उताऱ्याशी चार दिवस

पहिल्या दिवशी मजकूर न बघता दोनदा ऐका. कोण बोलतंय, कुठे, कशाबद्दल, एवढंच पकडा. मग तिसऱ्यांदा ऐकताना दर वाक्याला थांबून लिहून काढा. अडलेलं वाक्य तीनदा ऐका, चौथ्यांदा नाही. तिथे जागा सोडून पुढे जा. नंतर मजकूर उघडा आणि लाल-निळ्या रेघा मारा.

दुसऱ्या दिवशी मजकूर डोळ्यांसमोर ठेवून ऐका आणि निळ्या रेघेच्या प्रत्येक शब्दापाशी थांबून नेमकं काय ऐकू येतंय ते स्वतःच्या लिपीत लिहा. ही सवय फार मोलाची आहे. पुस्तकात 'हाबेन वीअर' असं असतं, बोलणारा 'हाम्मा' म्हणून पुढे जातो. 'आइनेन'चा नुसता 'नेन' उरतो. एकदा हे स्वतःच्या हाताने लिहिलं की पुढच्या वेळी कान तिथे फसत नाही.

तिसऱ्या दिवशी बोलणाऱ्याच्या मागोमाग, अर्ध्या शब्दाच्या अंतराने, तसंच म्हणायचा प्रयत्न करा. आरतीत शब्द येत नसले तरी आपण पुढच्याच्या मागे सूर लावतो तसं. पाच-सहा वेळा केलं की जीभ आणि कान दोन्ही त्या वेगाला सरावतात. चौथ्या दिवशी पुन्हा मजकूर न बघता एकदा ऐका. सगळं स्वच्छ ऐकू आलं तर उतारा 'जुना' झाला. तो मोबाइलमध्ये वेगळ्या फोल्डरमध्ये टाका, त्याचं काम अजून संपलेलं नाही.

चौथी पायरी: कोणते शब्द घ्यायचे

उताऱ्यात दहा-बारा अनोळखी शब्द सापडले म्हणून सगळे पाठ करायचे नाहीत. दिवसाला सहा ते आठ नवे शब्द नोकरी किंवा शेती सांभाळून शिकणाऱ्याला पुरेसे आहेत, आणि जमेल तेच रोज करायचं. हिशोब करून बघा: रोज सात, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे वर्षाला दोन हजारांवर. गोएथेच्या शब्दयाद्या ए-१ साठी सुमारे ६५०, ए-२ साठी सुमारे १३०० आणि बी-१ साठी सुमारे २४०० शब्दांच्या आहेत. म्हणजे रोज तीस शब्द गिळण्याची गरज मुळातच नसते.

निवडताना स्वतःला विचारा: हा शब्द मला याआधी कुठे ऐकू आला होता का? पुन्हा ऐकू येईल का? आणि माझ्या कामात लागेल का? नर्ससाठी 'ब्लूटड्रुक', म्हणजे रक्तदाब, पहिल्या महिन्यातच घ्यायला हवा; वेल्डरला तो वर्षभर नाही आला तरी अडत नाही. 'त्सुकर' म्हणजे साखर, पण जर्मन म्हातारी माणसं मधुमेहालाही बोलताना 'त्सुकर'च म्हणतात, जसं आपल्याकडे "त्यांना शुगर आहे" म्हणतात. असे अर्थ यादीत सापडत नाहीत, ऐकण्यातच सापडतात.

निळ्या रेघेचे शब्दही कार्डावर घ्या. बहुतेक जण ते सोडून देतात, कारण "हा तर येतो". ऐकताना येत नाही तो शब्द येत नाहीच, असं धरून चाला.

कार्ड कसं करायचं? मोबाइलवर अँकी नावाचं ॲप आहे, अँड्रॉइडवर ते फुकट मिळतं आणि त्यात आवाज जोडता येतो. कार्डाच्या पुढच्या बाजूला लिखित शब्द नको, आवाज ठेवा. शक्य असेल तर तुमच्या उताऱ्यातलं ते वाक्यच कापून लावा. मागच्या बाजूला लिंगासकट शब्द, अर्थ आणि वाक्य. आवाज ऐकून अर्थ आला तर कार्ड बरोबर.

ॲप नको असेल तर जुन्या लग्नपत्रिका कापा. दर उन्हाळ्यात घरात ढीग साठतो, पाठची बाजू कोरी असते आणि कागद चांगला जाड असतो. मग आवाजाचं काय? घरातल्या कुणाला तरी कार्ड वाचून दाखवायला सांगू नका, उच्चार चुकीचा बसेल. त्याऐवजी आठवड्याचे सगळे शब्द शब्दकोशाच्या आवाजावरून एका रेकॉर्डिंगमध्ये ओळीने घ्या, मध्ये चार-चार सेकंद रिकामे सोडा आणि त्या रिकाम्या जागेत अर्थ म्हणा. कार्ड फक्त ताडून बघायला.

पाचवी पायरी: उजळणी

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच्या प्रयोगांतून दाखवून दिलं की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरलं जातं आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो. वाढत्या अंतराने उजळणी करायची ती यासाठी. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात पेटीची पद्धत सांगितली, ती बुटाच्या खोक्यात सहज होते. खोक्यात पाच कप्पे करा. पहिल्या कप्प्यातली कार्डं रोज, दुसऱ्यातली दोन दिवसांआड, तिसऱ्यातली चार, चौथ्यातली आठ आणि पाचव्यातली सोळा दिवसांनी बघायची. बरोबर आलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात जातं, चुकलेलं सरळ पहिल्यात. अँकी हेच काम आपोआप करतं.

उजळणीचा वेळ रोज पंधरा-वीस मिनिटांपलीकडे जाऊ लागला तर नवे शब्द थांबवा. थांबवा म्हणजे पूर्ण थांबवा, आठवडाभर. साचलेली कार्डं उपसताना ऐकणं बुडतं, आणि एकदा बुडालं की महिनाभर मागे पडतं हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलंय.

सहावी पायरी: जुने उतारे आणि अप-डाऊन

भुसावळ-जळगाव, अमळनेर-जळगाव किंवा शिरपूर-धुळे अप-डाऊन करणाऱ्यांना रोज दोन वेळा मोकळा वेळ मिळतो. त्या गर्दीत नवा उतारा ऐकू नका. खिडकीचा आवाज, फेरीवाले, शेजारच्यांच्या गप्पा, यात कानाला नवं काही पकडता येत नाही. 'जुना' फोल्डर लावा. जे उतारे तुम्हाला पूर्ण कळतात तेच दहाव्यांदा ऐका.

पुष्कळांना हे वेळ घालवणं वाटतं. माझ्या मते हाच भाग सर्वांत जास्त फळ देतो. अर्थ ओळखीचा असल्यामुळे कानाला आवाजाकडे लक्ष द्यायला मोकळीक मिळते, आणि शब्द ओळखायला लागणारा वेळ हळूहळू कमी होत जातो. बोलणारा तुमच्यासाठी थांबत नाही. शब्द ओळखायला अर्धा सेकंद जरी लागला तरी तोवर पुढचे दोन शब्द निघून गेलेले असतात. पॉल नेशन शिकण्याच्या वेळेचे चार सारखे भाग करायला सांगतात: समजून ऐकणं-वाचणं, स्वतः बोलणं-लिहिणं, शब्द आणि व्याकरणाचा मुद्दाम अभ्यास, आणि चौथा भाग हाच, येत असलेल्या गोष्टींचा वेग वाढवणं. शब्द पाठ करणं त्यात चतुर्थांशापेक्षाही कमी बसतं, हे लक्षात घ्या.

भाकरी थापताना किंवा मळ्यात ठिबकच्या नळ्या बघताना कानात काहीतरी जर्मन चालू ठेवायचं, ही कल्पना चांगली वाटते. पण ते अनोळखी असेल तर थोड्याच वेळात कान ते फॅनच्या आवाजासारखं बाजूला टाकतो. तिथेही जुनेच उतारे लावा.

मराठी कानाला काय सोपं, काय अवघड

हा भाग मी थोडा लांबवतो, कारण जर्मनची तयार पुस्तकं जगभरच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेली असतात आणि मराठी माणसाचा कान कुठे अडतो हे त्यांत सापडत नाही.

आधी जमेची बाजू. आपल्याला तीन लिंगं नवी नाहीत. आकड्यांत आपण 'एकवीस' म्हणतो, एकम आधी आणि वीस नंतर. जर्मनमध्येही 'आइन-उंट-त्स्वान्त्सिश', एक-आणि-वीस. इंग्रजीतून विचार केला तर गडबड होते, मराठीतून केला तर क्रम तोच. म्हणून आकडे ऐकताना मनात इंग्रजी आणू नका. वाक्याच्या शेवटी क्रियापदाची वाट बघायचीही आपल्याला सवय आहे. 'वाइल', म्हणजे 'कारण', या शब्दानंतर जर्मन क्रियापद शेवटी जातं, तेव्हा मराठी कान मुळीच गोंधळत नाही. आणि 'त्साइट' म्हणजे वेळ, 'त्सान' म्हणजे दात, यांतला पहिला आवाज आपल्या 'चाक' आणि 'चमचा'तला दंत्य च. तो हिंदी भाषकाला कष्टाने कमवावा लागतो, आपल्याला जन्मतः मिळालाय.

आता अडचणी. मराठीत आपण ऱ्हस्व-दीर्घ लिहितो, पण बोलताना 'इ' आणि 'ई'त फारसा भेद ठेवत नाही. जर्मनमध्ये 'मिटऽ' म्हणजे मध्य आणि 'मीटऽ' म्हणजे घरभाडं. खोली शोधताना या दोन शब्दांत गल्लत झाली तर काय होईल ते बघा. 'फीअ' म्हणजे चार आणि 'फ्यूअ' म्हणजे साठी. दुसऱ्यात 'ई' म्हणताना ओठ गोल करायचे असतात, आणि तो आवाज आपल्याकडे नाहीच. 'शोन', म्हणजे आधीच, आणि 'श्योन', म्हणजे सुंदर, यांचंही तसंच. अशा जोड्यांचं वेगळं रेकॉर्डिंग करा आणि रोज दोन मिनिटं, कोणता शब्द आला ते न बघता ओळखा. पंधरा-वीस दिवसांत फरक कळायला लागतो.

शब्दाच्या शेवटी लिहिलेला ग, ड, ब बोलताना क, ट, प होतो: 'टाग' लिहायचं, 'टाक' म्हणायचं. शब्दाअखेरचा 'र' बहुधा विरघळून 'आ'सारखा होतो. फक्त वहीतून शिकलेला माणूस 'टाग'ची वाट बघत बसतो आणि 'टाक' येऊन निघून जातं.

आघाताचं प्रकरण सर्वांत महत्त्वाचं. 'उमफारेन' या क्रियापदात जोर 'उम'वर दिला तर अर्थ गाडीने धडक देऊन पाडणं. जोर 'फा'वर दिला तर वळसा घालून जाणं. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. शब्द आवाजासकट का शिकायचा याचं याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही. शिवाय पहिल्या प्रकारच्या क्रियापदांचा पुढचा तुकडा सुटून वाक्याच्या शेवटी जातो. 'आनरूफेन' म्हणजे फोन करणं. वाक्यात मात्र 'इश रूफऽ दिश मॉर्गेन आन', म्हणजे मी तुला उद्या फोन करेन. शेवटचा 'आन' ऐकू येईपर्यंत अर्थ पूर्ण होत नाही. अशा क्रियापदाच्या कार्डावर सुटा शब्द कधीच घालू नका, पूर्ण वाक्यच घाला.

आणि वेळ. 'हाल्प आख्ट' म्हणजे शब्दशः अर्धा आठ. आपण घाईत 'साडेआठ' समजतो, पण तो साडेसात असतो. जळगावच्या त्या मुलीला दिलेल्या निरोपात हाच शब्द होता, आणि मजकूर वाचल्यावरसुद्धा तिने साडेआठच म्हटलं होतं.

सातवी पायरी: वेळेची वाटणी

रोजचा सव्वा तास धरू. ए-१ ला शब्दांना निम्मा वेळ द्यावा लागतो, कारण काहीशे शब्दांशिवाय कुठलाच उतारा हातात घेता येत नाही. पण तेव्हाही शब्द आवाजासकटच. ए-२ ला शब्द साधारण एक तृतीयांशावर आणा. बी-१ पासून पुढे चतुर्थांश पुरे. नवे शब्द मग ऐकण्या-वाचण्यातूनच येत राहतात. या आकड्यांवर दोन पेनांच्या चाचणीचा अधिकार चालतो. चाचणी काही वेगळं सांगत असेल तर तिचं ऐका.

ए-२ च्या विद्यार्थ्याचा दिवस मी असा सुचवतो: सकाळी चहाआधी वीस मिनिटं पेटीतली कार्डं, प्रवासात पंचवीस मिनिटं जुने उतारे, संध्याकाळी अर्धा तास चालू उतारा आणि त्यातून निवडलेले सहा-सात शब्द. रविवारी नवा शब्द एकही नाही. त्या दिवशी दहा-पंधरा मिनिटांचं काहीतरी सलग ऐका, मजकुराशिवाय, थांबवल्याशिवाय, आणि नंतर काय कळलं ते मराठीत किंवा अहिराणीत घरात कुणाला तरी सांगा. सांगताना अडखळलात तर तिथलं कळलं नव्हतं, हे लगेच उघड होतं.

केळीची काढणी, लग्नसराई, आजारपण यांत आठवडा बुडणारच. अशा दिवसांत कार्डं सोडा पण जुने उतारे दहा मिनिटं का होईना ऐका. कार्डं परत उपसता येतात, कानाची लय मात्र एकदा तुटली की जुळवायला जास्त वेळ लागतो.

परीक्षेआधी

गोएथेच्या बी-१ परीक्षेत ऐकण्याचा भाग सुमारे चाळीस मिनिटांचा आणि चार तुकड्यांचा असतो. पहिला आणि चौथा तुकडा दोनदा ऐकवतात, दुसरा आणि तिसरा एकदाच. शंभरपैकी साठ गुण लागतात, आणि ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं हे चारही भाग स्वतंत्रपणे देता येतात. म्हणून शेवटचे सहा आठवडे 'एकदाच' ऐकायची सवय करा: रोज एक अनोळखी उतारा, एकदाच, आधी प्रश्न वाचून. प्रश्नांतल्या मुख्य शब्दांखाली रेघ मारा आणि तो शब्द कसा ऐकू येईल ते मनात म्हणा. उताऱ्यात बहुतेक वेळा तोच शब्द न येता त्याचा समानार्थी शब्द येतो, त्यामुळे या काळात कार्डांवर समानार्थी जोड्या लिहा. परीक्षेच्या आठवड्यात नवे शब्द घेऊ नका.

नर्सिंगच्या मान्यतेसाठी पुढे साधारणपणे बी-२ लागतं. तिथवर ही पद्धत तशीच चालते, फक्त उतारे लांबतात आणि मजकुराचा आधार कमी करत न्यावा लागतो.

जायच्या आधी एक तयारी

बाडेन-व्युर्टेंबर्गला जाणार असाल तर शेवटच्या दोन महिन्यांत तिथली बोली कानावर घाला. तिथल्या मोठ्या भागात श्वेबिश बोलली जाते. पुस्तकातला 'इस्ट', म्हणजे आहे, तिथे 'इश' होतो. 'निश्ट', म्हणजे नाही, तिथे 'नेट' होतं. पुण्याहून साक्रीला बदली होऊन आलेल्या शिक्षकाला 'आहे'च्या जागी 'शे' ऐकताना जसं होतं, तसंच तुम्हाला वॉर्डातल्या आजोबांचं बोलणं ऐकताना होईल. श्वेबिश बोलायला शिकायची गरज नाही, ते तुमच्याशी पुस्तकी जर्मन बोलायचा प्रयत्न करतीलच. पण दुखणाऱ्या माणसाच्या तोंडी घरचीच बोली येते. रोज पाच मिनिटं तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती ऐका, कळलेल्या वीस-पंचवीस शब्दांची वेगळी कार्डं करा, आणि त्यांच्या पुढच्या बाजूला, नेहमीसारखाच, फक्त आवाज ठेवा.